टांगाईलची उडी

बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलजवळ पॅराशूटने उतरलेल्या २ पॅराच्या (भारतीय लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीच्या) निवृत्त जवानांच्या आठवणींचा आपला लेख वाचताना त्याच पलटणीत असलेले माझे थोरले काका डोळ्यांसमोर उभे राहिले. उडीआधी विमानातल्या तारेत पॅराशूटचा हूक कसा अडकवायचा, हे ते अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर हात सरकवून दाखवीत. लोहजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघारी निघालेल्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची, ही कामगिरी लेखात नीट आली आहे. मात्र ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची, याचा उल्लेख राहून गेला, तो कृपया जोडावा. काका लढाईपेक्षा अधिक बोलत ते अंधारात विखुरलेले सामान वाहून आणणाऱ्या तिथल्या गावकऱ्यांविषयी, आणि तेवढ्यावर त्यांचा गळा दाटून येई.