सोलापुरात राहून सोलापुरी चादरीत फसलो

दिवाळीच्या दहा दिवस आधी माझ्या फोनवर एक जाहिरात झळकली: 'सोलापूरच्या कारखान्यातून थेट तुमच्या दारात, दोन अस्सल सोलापुरी चादरी फक्त 1,299 रुपयांत, आज रात्री बारापर्यंतच.' मी सोलापूरच्याच पूर्व भागात राहतो, यंत्रमागाच्या खडखडाटानेच मला पहाटे जाग येते, आणि तरीही मी ती ऑर्डर दिली, कारण भाऊबीजेला नागपूरला जाणे जमणार नव्हते आणि चादरी परस्पर बहिणीच्या घरी पोहोचतील, एवढाच हिशेब तेव्हा डोक्यात होता. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण त्यानंतर मला किती जणांनी ऐकवली, हे मोजणे मी सोडून दिले आहे.

पार्सल आले तेव्हा बहिणीने आधी उघडून बघण्याची विनंती केली, तर आधी पैसे, मग पार्सल, असे तिला सांगण्यात आले. पैसे मोजून झाल्यावर आतून जे निघाले ते तिने मला व्हिडिओ कॉलवर दाखवले. मी फक्त एवढेच म्हटले, 'ताई, जरा उलटी कर.' उलटी बाजू पांढरीफटक होती. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर विणलेली असते, त्यामुळे ती मागच्या बाजूलाही रंगांची अदलाबदल होऊन दिसते, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल; हे मात्र पॉलिस्टरवर छापलेले, हाताला बुळबुळीत लागणारे कापड होते. ज्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तिचे नाव त्या चिंधीच्या वेष्टनावर सोनेरी अक्षरांत छापले होते, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आला.

इथे थांबलो असतो तर 1,299 रुपयांवर सुटलो असतो. पण तक्रार कुठे करायची म्हणून मी इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधला, आणि तो नंबरही भामट्यांचाच निघाला. त्या माणसाचा उलट फोन आला तेव्हा मी नवी पेठेत, दिवाळीच्या गर्दीत, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा होतो. अत्यंत आदबीने बोलत त्याने मला एक क्यूआर कोड पाठवला आणि रक्कम परत मिळवण्यासाठी पिन टाकायला सांगितले. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे मला ठाऊक होते आणि मी चार जणांना शिकवलेही होते. तरीही पिन टाकला. 4,999 रुपये गेले. 'सर, चुकून उलटे झाले, पुन्हा एकदा करा, दोन्ही रकमा एकदम येतील,' असे तो म्हणाला तेव्हा कुठे माझे डोके ठिकाणावर आले.

सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर तत्काळ कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी कळवले, कारण आदली रात्र 'शिकलासवरलेला माणूस असा कसा फसतो?' हे घरच्यांकडून ऐकून घेण्यात आणि शरमेने गप्प बसण्यात गेली होती. बँकेत गेलो तर तिथेही तोच सूर: 'पिन तुम्हीच टाकलात ना?' रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकानेच सोसायचे असते, हे मला मान्य आहे; पण ते सांगताना शेजारच्या टेबलाकडे बघून हसण्याची तरतूद त्या परिपत्रकात नक्कीच नाही.

माझी चूक मी नाकारत नाही. मात्र 'सावध राहा' हा उपदेश सगळ्यांनी मिळून एकट्या ग्राहकालाच का करावा? जाहिरातीचे पैसे घेणाऱ्याने विक्रेत्याचा पत्ता तपासला नाही, रोकड गोळा करणाऱ्या कुरिअरने आत काय आहे याची जबाबदारी झटकली, आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क ठळकपणे द्यायला हवा, त्यातले अवाक्षरही त्या पानावर नव्हते. मी ती जाहिरात बनावट असल्याचे कळवले, त्यावर 'आमच्या धोरणाचे उल्लंघन आढळले नाही' असे यंत्राने दिलेले उत्तर आले. (यंत्रालाही उलटी बाजू बघता येत नसावी.)

आता संक्रांतीला भरणारी आमच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आली आहे. काल रात्री तीच जाहिरात पुन्हा दिसली: दुकानाचे नाव बदललेले, मागे सिद्धेश्वर मंदिराचा फोटो, 'संक्रांत खास' असा लाल पट्टा आणि किंमत पन्नास रुपयांनी कमी.