जँगोची फोल्डर-रचना बदलता येते, आणि बदलावीही

जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवण्याची चौकट) शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘स्टार्टप्रोजेक्टने (नवं प्रोजेक्ट उभं करणाऱ्या कमांडने) दिलेल्या रचनेला हात लावू नका. अ‍ॅप हलवलं की मायग्रेशन मोडतात, डेटा जातो, पुढे अपग्रेड अडकतं आणि नव्या माणसाला काही सापडत नाही.’ या धास्तीने मॅनेज.पाय या कमांड चालवायच्या फाइलीशेजारी पंधरा-वीस अ‍ॅप (प्रोजेक्टचे स्वतंत्र भाग) दाटीवाटीने पडून असतात आणि कोणी ती आवरत नाही. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल लिहिलेल्या फाइली), कारण खरी भीती तिथेच आहे. टेबलाचं नाव फोल्डरच्या पूर्ण पत्त्यावरून ठरत नाही. ते अ‍ॅपचं लेबल आणि मॉडेलचं (टेबलाचं वर्णन करणाऱ्या क्लासचं) नाव जोडून बनतं. कोणती मायग्रेशन चालून गेली याची नोंदही लेबलवरच होते. आणि लेबल म्हणजे, वेगळं काही दिलं नसेल तर, पत्त्याचा शेवटचा तुकडा. ‘बिलिंग’ हे अ‍ॅप ‘अ‍ॅप्स’ फोल्डरमध्ये नेलं तर पत्ता होतो ‘अ‍ॅप्स.बिलिंग’, पण लेबल ‘बिलिंग’च राहतं. डेटाबेसला या हलवाहलवीचा पत्ताही लागत नाही. बदलायचं ते अ‍ॅप्स.पायमधलं नाव, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी आणि इम्पोर्ट. एक जागा मात्र हमखास सुटते: अपलोड-टूला (अपलोड झालेली फाइल कुठे ठेवायची ते सांगणाऱ्या पर्यायाला) दिलेलं फंक्शन किंवा स्वतः लिहिलेला व्हॅलिडेटर (मूल्य तपासणारं फंक्शन) जुन्या मायग्रेशन फाइलींमध्ये पूर्ण पत्त्यानिशी लिहिलेला असतो. तो तिथे जाऊन हाताने बदलावा लागतो. अ‍ॅपचं शेवटचं नावच बदलायचं असेल, तर अ‍ॅप-कॉन्फिगमध्ये जुनं लेबल स्पष्ट लिहून ठेवा.

‘डेटा गेला’ ही ओरड बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने होते. सेटिंग्ज.पाय फोडून सेटिंग्ज नावाचं फोल्डर केलं की फाइल एक पायरी खोल जाते, पण बेस-डिर (प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरचा पत्ता) मात्र पूर्वीसारखंच मोजून दोन पायऱ्या वर जातं. एसक्यूलाइट (एकाच फाइलीत राहणारा डेटाबेस) असेल तर चुकीच्या जागी नवी, रिकामी डेटाबेस फाइल निमूट तयार होते आणि ‘टेबल नाही’ अशी एरर येते. जुनी फाइल सुखरूप जागेवरच असते. बेस-डिरच्या ओळीत ‘पेरेंट’ (एक पायरी वर) आणखी एकदा जोडा, काम झालं. सेटिंग्जचा पत्ताच बदलला असेल तर तो मॅनेज.पाय, डब्ल्यूएसजीआय.पाय आणि एएसजीआय.पाय (या दोन फाइलींतून सर्व्हर प्रोजेक्ट सुरू करतो) अशा तिन्ही ठिकाणी बदलावा लागतो. पहिली बदलून बाकीच्या दोन विसरलात, तर घरच्या मशीनवर सगळं चालतं आणि सर्व्हरवर पडतं.

अपग्रेडचा मुद्दा तर टिकतच नाही. स्टार्टप्रोजेक्ट एकदाच फाइली लिहून देते. त्यानंतर जँगोची आवृत्ती बदलली तरी तुमच्या फाइलींना ती शिवत नाही. मॅनेज.पाय पूर्वी प्रोजेक्टच्या पॅकेजमध्ये असायची, ती २०१२च्या १.४ आवृत्तीत खुद्द जँगोनेच बाहेर काढली. लारावेल या पीएचपीमधल्या अशाच चौकटीनेही २०२४ मध्ये ११व्या आवृत्तीत सांगाडा बराच आटोपशीर केला, पण जुन्या प्रोजेक्टांनी आपली रचना बदलू नये, असंच त्यांची अपग्रेड-मार्गदर्शिका सांगते.

राहिला नवा माणूस. मूळ रचनेत मॅनेज.पाय आणि आत पाच फाइली, एवढंच असतं. बिलाचा हिशोब कुठे लिहायचा, सामायिक टेम्प्लेट कुठे, टेस्ट कुठे, यावर ती काहीच सांगत नाही. उलट एकाच नावाचं फोल्डर आत-बाहेर पाहून नवखा पहिल्याच दिवशी गोंधळतो. ‘स्टार्टप्रोजेक्ट कॉन्फिग’ लिहून पुढे एक टिंब दिलं की तो गोंधळच उरत नाही.

या सल्ल्यात तथ्य आहे ते काही ठरावीक नावांपुरतं. मॉडेल्स, अ‍ॅडमिन, टेम्प्लेटटॅग्ज, मॅनेजमेंटच्या आतलं कमांड्स ही नावं जँगो स्वतः शोधतो, ती अ‍ॅपमध्ये तशीच ठेवा. व्ह्यूज.पाय हा निव्वळ प्रघात आहे. चालू प्रोजेक्टात हलवाहलव करताना ती वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या एका नोंदीत) करा आणि त्यात दुसरा बदल मिसळू नका. गिट (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम) नामांतराची नोंद ठेवत नाही, मजकुराच्या साम्यावरून ते ओळखतो. दोन्ही एकत्र केलंत तर फाइलीचा जुना इतिहास शोधणं अवघड होतं.