लष्करी तळाला खेटून असलेलं मैदान

क्रॉसमॅग्लेन रेंजर्स या गेलिक फुटबॉल खेळणाऱ्या आयरिश क्लबच्या इतिहासावरचा लेख आवडला. पण सगळा भर चषकांवर दिलाय, मैदानाची गोष्ट दोन ओळींत उरकली. माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे.

क्लब १८८७ चा, म्हणजे आयर्लंडमधल्या थर्ल्स गावात जीएएची (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, पारंपरिक आयरिश खेळांची संघटना) स्थापना झाली त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी सुरू झालेला. गाव ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये, आर्मा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) दक्षिणेला, आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सीमेला लागून. सत्तरच्या दशकात, तिथे सशस्त्र संघर्ष चालू असताना, ब्रिटिश लष्कराने तळासाठी मैदानाचा काही भाग ताब्यात घेतला. सामना चालू असताना डोक्यावरून हेलिकॉप्टर जायची! जमीन सुटायला नव्वदचं दशक सरत आलं. आणि नेमक्या त्याच काळात, १९९७, १९९९ आणि २००० मध्ये, या संघाने अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवलं. पुढे आणखी तीन. तेही सगळे हौशी खेळाडू, आठवडाभर आपापली नोकरी-धंदा सांभाळणारे.

एक मुद्दा मात्र लेखात हवाच होता. ब्रिटिश सुरक्षा दलातल्या लोकांना जीएएचं सदस्यत्व नाकारणारा नियम २१ थेट २००१ मध्ये रद्द झाला. तेव्हाही उत्तर आयर्लंडमधल्या बहुतेक काउंट्यांच्या जीएए शाखा रद्द करण्याच्या विरोधात होत्या. क्रॉसमॅग्लेनचं मैदान डोळ्यांसमोर आणलं की तो विरोध का होता ते कळतं, पटो न पटो.