‘शिस्त’ म्हणजे नेमकं काय? ‘न्यू जर्सीकर’ यांना उत्तर

‘न्यू जर्सीकर’, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, खाली तशीच आहे. अमेरिकेतल्या नोकऱ्या आणि निवृत्तीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘वर्गभेदाचं कीर्तन’ म्हणालात. वर ‘ताई, जरा अभ्यास करा’ असा सल्लाही दिलात. मुद्द्याचं वाक्य एकच: ‘४०१-के सगळ्यांना सारखंच आहे, शिस्त असेल त्याची म्हातारपणी सोय होते.’ (४०१-के म्हणजे नोकरीतून, पगारातले पैसे कापून निवृत्तीसाठी साठवायचं खातं.)

आधी माझी चूक. सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकेतली सरकारी पेन्शन, पूर्ण मिळण्याचं वय मी सरसकट ६६ लिहिलं होतं. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते ६७ आहे. दुरुस्त केलंय. पण एक आकडा चुकला म्हणून समोरच्याची अक्कल काढायची, ही कुठली रीत? सतरा वर्षं मी ४०१-केचे हिशेब तपासते आहे. अभ्यास कुणी करायचा ते तुम्हीच ठरवा.

आता ते ‘सारखंच’. मुळात मालकानं ४०१-के ठेवलंच पाहिजे असं फेडरल कायदा म्हणत नाही. ठेवलं, तरी मालकाचा हिस्सा कामगाराच्या नावावर पक्का व्हायला, म्हणजे व्हेस्टिंगला, तीन वर्षं लावायची मुभा कायद्यानंच दिली आहे. समजा वर्षाला ३६,००० डॉलर पगार आहे. बाई ४ टक्के, म्हणजे महिन्याला १२० डॉलर टाकते, मालकही तेवढेच टाकतो. आई अंथरुणाला खिळली म्हणून २५ महिन्यांनी नोकरी सोडावी लागली, की मालकाचे ३,००० गेले. राहिले तिचे ३,०००. भाडं थकलंय म्हणून ते काढले, तर २० टक्के आगाऊ कर कापून चेक येतो २,४०० चा. वय साडेएकोणसाठच्या आत असेल, तर बहुतेकदा १० टक्के दंड, म्हणजे आणखी ३०० डॉलर. पैसे वाचवायचे तर ६० दिवसांत पूर्ण ३,००० दुसऱ्या निवृत्ती खात्यात भरायचे. कापलेले ६०० तोवर पदरचे घालायचे. फॉर्मवर ‘डायरेक्ट रोलओव्हर’, म्हणजे पैसे थेट दुसऱ्या निवृत्ती खात्यात वळते करणं, निवडलं असतं तर काहीच कापलं गेलं नसतं, पण मग भाड्याला पैसे कुठून येणार होते? यात तिची बेशिस्त कुठे दिसली तुम्हाला?

आठवड्याला १९ तास काम करणाऱ्याचे वर्षाचे ९८८ तास भरतात. योजनेत शिरायची जुनी अट १,००० ची. आता सलग दोन वर्षं ५०० तास भरले तरी स्वतःचे पैसे टाकता येतात, पण मालकावर हिस्सा घालायचं बंधन नाही.

सोशल सिक्युरिटी सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांची सरासरी धरते. २८ वर्षं काम झालं असेल तर सात शून्यं त्यात मिसळतात. गुडघे गेले म्हणून ६२ व्या वर्षीच पेन्शन घेतली, तर १९६० नंतर जन्मलेल्याची ३० टक्के कपात कायमची. टेबलाशी बसून काम करणारा ७० पर्यंत थांबू शकतो. मी याला वर्ग म्हणते.

‘दोन बॅगा घेऊन आलो’ हे तुमचं खरं असेल. पण एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर सहा वर्षं काढून परत गेलेल्या आपल्याच मुलांकडे बघा. सोशल सिक्युरिटीचा हक्क मिळायला कमाईवर जमणारी ४० क्रेडिट लागतात, सहा वर्षांत तेवढी जमत नाहीत, आणि भारत-अमेरिका यांच्यात ती जोडून घेण्याचा करार नाही. पगारातून दर महिन्याला कापलेले ६.२ टक्के तिकडेच राहिले.

बाकी कर आणि राजकारणाबद्दलच्या तुमच्या ओळींना उत्तर देत नाही, लेख त्यावर नव्हता. पुढची प्रतिक्रिया आकड्यांवर लिहिलीत तर उत्तर देईन, माझ्यावर लिहिलीत तर देणार नाही.