आत्याच्या फळीवरचा वेताळ

जुनी कॉमिक्स हुडकायला निघालेल्या माणसाने चेहरा मेलेला ठेवायचा असतो. रद्दीवाल्याला तुमच्या डोळ्यांत चमक दिसली, की किलोवर विकायचा माल नगावर जातो. हा नियम मला पंधरा वर्षांपासून पाठ आहे आणि एकदाही पाळता आलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात परभणीहून पहाटेची गाडी धरून संभाजीनगरला गेलो. घरी सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चाललोय. शहागंजच्या घड्याळापासून आत एका बोळात रद्दीचं दुकान. तिथे पोत्याखालून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी डोकावत होती. दुसऱ्या कुणाला ते पायजम्याचं कापड वाटलं असतं. मी मात्र ओळखलं, वेताळ! इंग्रजीतला फँटम, जंगलातला मुखवटेवाला नायक! 'इंद्रजाल' कॉमिक्सचा मराठी अंक! छाती धडधडायला लागली. आवाज शक्य तेवढा कंटाळवाणा करून विचारलं, "चाचा, दहावीचा भूगोल आहे का?"

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "भूगोल बी है. पर तुमकू वो वेताल होना ना? कबसे देख रै उसकू."

मुखपृष्ठावर किंमत साठ पैसे. चाचा म्हणाले तीनशे. अडीचशेला तुटलं, आणि लाजेखातर चाळीस रुपयांचा भूगोलही घेतला.

जालना गेल्यावर पिशवीतून हळूच काढून वाचायला घेतलं. चौदाव्या पानावर वेताळ दोरखंडाने करकचून बांधलेला, समोर एका डोळ्यावर पट्टी बांधलेला चाचा, म्हणजे चाचा नव्हे, खलनायक. पान उलटलं तर थेट एकोणीस. वेताळ गुत्त्यात बसून शांतपणे दूध मागतोय! ही कॉमिक्स मध्ये दोन पिना मारून बांधलेली. पिना गंजल्या आणि मधला कागद निसटला, की चार पानं एका दमात जातात. वेताळ सुटला कसा, हे त्याच्या डेंकालीच्या जंगलालाच ठाऊक. परतूर ते परभणी मी भूगोल वाचला.

लोकांना वाटतं, इंद्रजालचे आठशेच्या वर अंक निघाले, मार्च 1964 पासून 1990 पर्यंत चालले, मग मिळायला काय झालं? अहो, मराठी अंक लोकांनी वाचले ना! एका अंकावर अख्खी गल्ली जेवायची. भाड्याने फिरायचे, दप्तरात दुमडायचे, आणि शेवटी भज्यांच्या पुड्याला लागायचे. त्यातून वाचले ते वर्तमानपत्री कागदाचे, पिवळे पडून पापडासारखे मोडणारे. उरलेल्यात कसर. 1976 साली आबिद सुरतींनी इंद्रजालसाठी निर्माण केलेला कुर्ता-जीन्सवाला नायक बहादूर चंबळच्या डाकूंना पुरून उरला, पण माझ्याकडच्या अंकात कसरीने त्याचा एक कान खाल्लाय. ऑफिसातला एकजण म्हणाला, "साहेब, मोबाइलवर सगळे अंक फुकटात आहेत की." त्याला मी चहा पाजणं बंद केलंय.

तर श्रावणात सेलूला आत्याकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात पाटावर बसून धपाटे खात असताना वर पाहिलं. मांडणीच्या फळीवर डब्यांखाली कागद अंथरलेला, आणि तुरीच्या डाळीच्या डब्यामागून एक ओळखीची डोळ्यावरची पट्टी माझ्याकडे बघत होती. घास घशातच राहिला. तोच खलनायक, तोच दोरखंड. मधलं पान!

मी डबा उचलायला हात घातला.

"काय शोधायलास रे वर?"

"आत्या, हा खालचा कागद पाहिजे होता."

"दिवाळीला बदलते मी कागद. आत्ता एवढे डबे कुठं उतरवू? घे, अजून एक धपाटं घे."

"मी उतरवतो ना."

"पडवतूस मेल्या. मागं तूच लोणच्याची बरणी फोडलीस." ती बरणी मी 1983 मध्ये फोडली होती.

पुढचे तीन महिने मी या ना त्या निमित्ताने चारदा सेलूला गेलो. बायकोला आत्याबद्दलच्या या नव्या मायेची शंका यायला लागली. "अहो, वाटणीचं काही आहे का?" तिने एकदा विचारलंच. प्रत्येक खेपेला थोडंथोडं दिसायचं. जिऱ्याचा डबा पुढे सरकला तेव्हा वेताळाचं कोपर दिसलं. साखर संपली तेव्हा गाठ दिसली. सुटका बहुतेक डाळीखाली होती, आणि आत्याच्या घरी डाळ कधी संपत नाही.

धनत्रयोदशीच्या सकाळीच जाऊन धडकलो. फळीसाठी फुलाफुलांचं नवं प्लास्टिक नेलं होतं. आत्याने ते बाजूला ठेवलं. "त्याच्याखाली झुरळं होतात." मग पिशवीतली रद्दीची वर्तमानपत्रं काढली, तेव्हा कुठे डबे उतरले. मी दोन्ही हातांनी, देवाचा अंगारा घ्यावा तसा तो कागद उचलला.

कागद मधल्या पानांचाच होता. त्यावर डब्यांची तेलकट वर्तुळं होती, हळदीचा डाग होता, ते चालून गेलं असतं. पण फळीच्या पुढून लोंबणाऱ्या काठाला आत्याने तिच्या ऐन हौसेच्या काळात कात्री घेऊन त्रिकोणी-त्रिकोणी झालर कापली होती. वरच्या चौकटीत वेताळ बांधलेला. पुढच्या पानावर वेताळ मोकळा, घोड्यावर. मधली, पानाच्या तळाची ओळ झालरीत गेलेली.

"नक्षी कशी जमलीय बघ," आत्या म्हणाली. "आता हात येवढा चालत नाही. ते तू आणलेलं वर्तमानपत्र घे, आणि तूच काप बरं तशी."

मी कात्री घेतली.