कॉर्टिसॉल अंगातून ‘काढून टाकायचं’ नसतं

‘कॉर्टिसॉल हे ताणाचं विष आहे. सकाळी ते वाढलेलं असतं, त्यानेच चेहरा सुजतो, पोट सुटतं. डिटॉक्स करून काढून टाका!’ अशा आशयाचे रील आणि फॉरवर्ड सगळीकडे फिरत आहेत. हे चुकीचं आहे, आणि काहींच्या जिवावर बेतू शकतं.

आधी ‘विष’. हे संप्रेरक (हार्मोन) आपल्याच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी बनवतात. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवणं, रक्तदाब सांभाळणं, दाह आटोक्यात ठेवणं ही त्याची रोजची कामं. या ग्रंथी निकामी झाल्या की काय होतं, ते इंग्रज डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये नोंदवलं: कमालीचा थकवा, घटतं वजन, काळवंडणारी त्वचा. तेव्हा उपाय नव्हता, रुग्ण दगावत. आज तेच रुग्ण हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच, गोळ्यांवर जगतात.

सकाळी ते वाढतं हे खरं, पण वाढायलाच हवं. पहाटेपासून पातळी चढते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी वर जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते. म्हणून रिपोर्टवर नमुन्याची वेळ बघायची असते. सकाळी आठचा आकडा रात्रीच्या मर्यादेशी ताडला, तर ठणठणीत माणूसही आजारी ठरेल. कॉर्टिसॉल खरोखर जास्त आहे का हे शोधताना डॉक्टर रात्री उशिराची लाळ तपासतात, ती याचमुळे.

सुजलेला चेहरा? कुशिंग सिंड्रोममध्ये, म्हणजे कॉर्टिसॉलचा परिणाम दीर्घकाळ जास्त राहिल्याने होणाऱ्या आजारात, चेहरा गोल होतो, पण सोबत पोटावर रुंद जांभळट रेषा उमटतात, जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही. त्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे दीर्घकाळ घेतलेली, कॉर्टिसॉलसारखंच काम करणारी स्टेरॉइड औषधं. नुसत्या सकाळच्या सुजेवरून हे निदान होत नाही.

राहिलं डिटॉक्स. कॉर्टिसॉल साठून राहतच नाही. रक्तातलं निम्मं साधारण तासा-दीड तासात कमी होतं. किती बनवायचं ते मेंदू ठरवतो: त्यातला हायपोथॅलॅमस हा भाग पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीला सांगतो, ती एसीटीएच हे संप्रेरक सोडून अधिवृक्काला जागं करते, आणि कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच वरच्या दोघांना आवरतं. कुठलंही पेय ही साखळी धुऊन काढत नाही. दीर्घ ताण वाईटच, झोप आणि व्यायाम हवाच. त्यासाठी ‘विषा’ची भीती कशाला?

माझी खरी काळजी वेगळी आहे. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रंथी मंदावलेल्या असतात. असा रुग्ण हे रील बघून गोळ्या एकदम बंद करतो, तेव्हा त्याचा रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. तुमच्या घरात कोणी स्टेरॉइड घेत असेल, तर त्यांना आजच सांगा: डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, टप्प्याटप्प्याने कमी करायचा.