गूळ, दही आणि ताटातला भात : खानापूरच्या काकांना उत्तर

आदरणीय काका, नमस्कार.

मधुमेहाच्या आहारावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. मी गुळाला साखरेच्या पंगतीला बसवलं. उलट तुमचे वडील जेवणानंतर रोज गुळाचा खडा खाऊन नव्वदीपर्यंत शेतात राबले. आणि दह्यानं इन्सुलिन वाढतं हे वाचून काकूंनी दहीभात सोडला. त्यांचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची रक्तचाचणी) नुकतंच ६.१ आलंय, म्हणून घरात घबराट.

आधी दह्याचं बोलतो, कारण तिथं चूक माझी आहे. दूध-दह्यानं रक्तातली साखर थोडीच वाढते, पण त्या मानानं इन्सुलिन बरंच स्रवतं. दुधातल्या प्रथिनांमुळे स्वादुपिंडाला चालना मिळते. हे खरं, पण मी तिथंच थांबलो. १९९७ साली सिडनीच्या संशोधकांनी ३८ पदार्थ तपासले, तेव्हा मासे आणि मांसानंही इन्सुलिन वाढलं होतं. जेवल्यावर येणं आणि रक्तातली साखर पेशींत पोचवणं हे इन्सुलिनचं कामच आहे. पेशी वर्षानुवर्षं त्याला दाद देईनाशा होतात आणि स्वादुपिंड दमतं, आजार तिथं सुरू होतो. काकूंना सांगा, बिनसाखरेचं दही खुशाल खा. हे वाक्य पहिल्याच लेखात हवं होतं, क्षमा असावी.

गुळाबाबत मात्र मी मागे हटणार नाही. उसाचा रस आटवला की उरते ती बहुतेक साखरच. थोडं लोह, थोडी खनिजं असतात, पण खड्याएवढ्या गुळातून ती मिळतात किती? मग तुमच्या वडिलांना कसं सोसलं? काका, उत्तर तुमच्याच ओळीत आहे: ते जेवून पुन्हा शेतात जायचे. खानापूरकडच्या पावसात चिखलात वाकून भात लावणाऱ्या माणसाचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्यासाठी जास्तीचं इन्सुलिन लागत नाही. आपण जेवून कलंडतो. त्यांचा गूळ आपण घेतला, चिखल घेतला नाही.

भाकरीबद्दलही हेच. ज्वारीत तंतू जास्त, पांढऱ्या तांदळापेक्षा ती केव्हाही बरी. पण ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पस्तीसेक ग्रॅम कर्बोदकं असतातच. मधुमेहाला चालते म्हणून तीन-तीन खाणारे मी घरोघरी पाहतो आणि जीव तुटतो.

६.१ म्हणजे मधुमेह नव्हे, त्याच्या आधीची पायरी. अजून हातात बरंच आहे. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात, अशाच उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार सुधारला, चालणं वाढवलं, तेव्हा तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला.

म्हणून एक करून बघा. आपल्याकडं पानात आधी वरणभात येतो. तो सुरुवातीला नको. भाजी, उसळ, कोशिंबीर आधी खा, मग अर्धी भाकरी, आणि शेवटी चार घास दहीभात. जेवून दोघं पंधरा मिनिटं चाला. घरात ग्लुकोमीटर आहे असं तुम्ही लिहिलंय, तर पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी साखर मोजा. एक दिवस जुन्या पद्धतीनं जेवून, एक दिवस या नव्या पद्धतीनं. दोन्ही आकडे मला नक्की लिहून पाठवा.